फुकटच्या फोनचा हिशेब आणि माझं एक चुकलेलं वाक्य

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली. उत्तर मात्र तिसऱ्या दिवशी लिहितेय. पहिल्या दिवशी जे लिहिलं होतं ते नवऱ्याने वाचून खोडायला लावलं.

बाकीच्यांसाठी आधी मामला सांगते. गेल्या महिन्यात मी लिहिलं होतं की इथे अमेरिकेत आम्ही दोघांनी हातातले फोन तेच ठेवले, मोठ्या कंपनीची पोस्टपेड लाईन सोडली आणि प्रीपेडवर आलो. महिन्याचं बिल १४० डॉलरवरून ३४ वर आलं. त्यावर तुमचं म्हणणं असं: ताई, चार डॉलर वाचवायच्या नादात तुम्ही लोकांना खड्ड्यात घालताय. तुमचं वाचून पुण्याहून आलेल्या बहिणीच्या फोनमध्ये स्वस्तातलं सिम घातलं, तर घरात सिग्नलची एक कांडी दिसेना. थोरला मुलगाही तुमचं वाचून प्रीपेडवर गेला. भारतीयांच्या परेडच्या दिवशी न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवर त्याचा फोन नुसता गोल गोल फिरत राहिला, आणि मुंबईला उतरल्यावर गाडीवाल्याला फोन लागेना. मोठी कंपनी फोन फुकट देते, त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढत नाही. शेवटी शेरा: प्रीपेड हे विद्यार्थ्यांचं आणि पाहुण्यांचं काम.

बहिणीच्या फोनपासून सुरू करते, कारण तिथे चूक माझी आहे.

मी लिहिलं होतं, ‘फोन अनलॉक असला की झालं, कुठलंही सिम चालतं.’ हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि पाहुण्यांच्या फोनबाबत तर चक्क चुकीचं. इथे विकत घेतलेल्या फोनचा विचार करत मी ते लिहिलं. भारतातला फोन बहुधा मुळातच अनलॉक असतो, त्यामुळे तुम्ही माझ्या वाक्यावर विसंबलात यात तुमचा काही दोष नाही.

घोटाळा असतो बँडचा, म्हणजे सिग्नल ज्या रेडिओलहरींच्या पट्ट्यावरून येतो त्याचा. इथल्या मोठ्या कंपन्यांपैकी टी-मोबाइलचं दूरवर पोचणारं, भिंतीतून आत शिरणारं जाळं ६०० आणि ७०० मेगाहर्ट्‌झवर आहे, म्हणजे बँड ७१ आणि १२. व्हेरायझनचा तसाच बँड १३. भारतात या बँडांवर सेवाच नाही, म्हणून तिथल्या बऱ्याच स्वस्त आणि मध्यम किमतीच्या फोनांमध्ये ते दिलेले नसतात. असा फोन इथे पूर्ण मेलेला नसतो, हीच खरी फसगत. कॉस्टको दुकानाच्या पार्किंगमध्ये त्याला छान रेंज येते, आपण म्हणतो झालं काम, आणि घरी येऊन बेसमेंटमध्ये गेलं की सगळं गायब. लाकडी घरात सिग्नल येत नाही म्हणजे काय, असं तुम्ही वैतागून लिहिलंय. येतो, पण ज्या वाटेने येतो ती वाट त्या फोनला दिसत नाही.

तिसरी मोठी कंपनी एटी अँड टी, तिचं दुखणं निराळं. त्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद केलं. त्यानंतर कॉल ४जीवरूनच जायला हवा, म्हणून कुठले फोन चालतील याची त्यांची स्वतःची यादी आहे. यादीत नसलेला फोन बँड जुळत असला तरी त्या जाळ्यावर चालत नाही, आणि त्यांचं जाळं भाड्याने घेणाऱ्या छोट्या कंपन्यांकडेही तीच गत. भारतात विकले जाणारे कितीतरी मॉडेल त्या यादीत नाहीत. त्यामुळे सिम घेण्याआधी स्टार-हॅश-०६-हॅश दाबायचं, जो पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, दिसेल तो कंपनीच्या साइटवर टाकून बघायचा. दोन मिनिटांचं काम आहे. हे मी त्याच लेखात सांगायला हवं होतं. आता ते वाक्य खोडून खाली दुरुस्ती टाकली आहे, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून.

(माझ्या आईचा सांगलीहून आणलेला फोन मी पहिल्या वर्षी असाच सिम घालून दिला होता. ती महिनाभर खिडकीशी उभी राहून बोलायची. आम्हाला वाटायचं तिला बाहेरची झाडं बघत बोलायला आवडतं.)

आता ओक ट्री रोड. इथे तुम्ही म्हणता ते घडलं असेल यात मला शंका नाही, पण कारण ‘स्वस्त कंपनीचे टॉवर कमी’ हे नाही. स्वस्त कंपनीचे टॉवरच नसतात. देशभर जाळं असलेल्या कंपन्या तीन, बाकीचे बहुतेक त्यांच्याकडून भाड्याने घेणारे. टॉवर तोच, फक्त रांग वेगळी. प्रत्येक लाईनला एक क्रमांक चिकटलेला असतो, क्यूसीआय म्हणतात त्याला; आकडा जितका लहान तितका रांगेत पुढे. टी-मोबाइलवर त्यांच्या स्वतःच्या पोस्टपेड गिऱ्हाइकांना साधारण ६ आणि भाड्याने घेणाऱ्यांच्या गिऱ्हाइकांना ७. व्हेरायझनवर महागड्या प्लॅनला ८ आणि स्वस्ताला ९. एसटी अर्धी रिकामी असली की आरक्षणवाला आणि बिनआरक्षणवाला दोघंही खिडकीशीच बसतात. गाडी भरली की आरक्षण आठवतं. परेडच्या दिवशी गाडी टपावरून भरलेली असते, तेव्हा तुमचा मुलगा उभा राहिला. बाकीचे ३६४ दिवस तो बसलेला आहे की नाही, एवढंच त्याला विचारा.

आणि ही रांग डेटाची. साध्या बोलण्याच्या कॉलला वेगळी वाट असते, ती ६वाल्याला आणि ७वाल्याला एकच. तेव्हा अशा गर्दीत व्हॉट्सअ‍ॅपवर चुकामूक झालेल्या माणसाला सरळ नंबर फिरवून हाक मारावी. लागण्याची शक्यता बरीच जास्त. आपण साधा फोन लावायचं विसरूनच गेलोय.

तरीही सांगते: ज्याला रोज गर्दीच्या वेळी पेन स्टेशनात उभं राहून काम करायचंय, त्याने रांगेत पुढचा नंबर विकत घ्यावा. तो पैसा वाया नाही. आमची दोघांची कामं घरून चालतात, आणि घरात वायफाय आहे. मी कोणासाठी पैसे भरत होते तेच मला कळत नव्हतं.

फुकटचा फोन. याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही हे खरंय, कारण लेख ज्यांच्या फोनचे हप्ते संपलेत त्यांच्यासाठी होता. पण आता काढते.

समजा फोन ८२८ डॉलरचा. कंपनी तो एकदम फुकट देत नाही; ३६ महिने दरमहा २३ डॉलरचा हप्ता बिलात लावते आणि तेवढेच वजा दाखवते. अट अशी की तुम्ही तेवढे महिने त्यांच्याकडेच राहायचं, आणि बहुतेक वेळा वरच्या भावाचा प्लॅन ठेवायचा. विसाव्या महिन्यात निघालात तर उरलेले १६ हप्ते, म्हणजे ३६८ डॉलर, तुमच्या डोक्यावर. आमची एक लाईन ७० डॉलरला पडत होती, आता करासकट १७ला पडते. फरक ५३. छत्तीस महिन्यांचे झाले १९०८. म्हणजे ८२८चा फोन ‘फुकट’ मिळवायला मी १९०८ जास्त भरले असते. शिवाय हप्ते पुरे होईपर्यंत फोन लॉक राहण्याचा प्रश्न असतो, म्हणजे भारतात गेल्यावर त्यात तिथलं सिम टाकायची सोय नाही. आयफोनवाल्यांनी सेटिंगमध्ये जनरल, मग अबाउट उघडून खाली ‘कॅरियर लॉक’ची ओळ बघावी. ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असं दिसलं तर फोन खरोखर तुमचा.

पण हे गणित आमच्या दोन लाईनींचं. तुम्ही लिहिलंय की तुमच्या चार लाईनी १४० डॉलरमध्ये आहेत, आणि त्यातल्या दोन फोनांचे हप्ते माफ होताहेत. मग तुम्ही मुळीच हलू नका! चार प्रीपेड लाईनी झाल्या ६८ डॉलरच्या, वाचले ७२. त्यातून बुडणारी दोन फोनांची माफी ४६ वजा करा, उरले २६. त्यात कॉलेजातली दोन मुलं. आमच्या १५ डॉलरच्या (करासकट १७) प्लॅनमधला पाच जीबी डेटा त्यांना शुक्रवार संध्याकाळपर्यंत पुरेल. त्यांना मोठा प्लॅन घेतलात की ते २६ही संपले. मोठ्या कंपन्यांचा भाव पहिल्या लाईनीला जबर असतो आणि चौथ्या लाईनीला उतरतो. एकटा माणूस आणि नवराबायको यांनाच खरा फटका. हे मी लेखात अधिक ठळक सांगायला हवं होतं, मान्य.

प्रीपेड विद्यार्थ्यांचं आणि पाहुण्यांचं, हा शेरा मात्र मला खरंच गमतीचा वाटला. आपण ज्या देशातून आलो तिथे दहांतले नऊ मोबाइल प्रीपेड आहेत. इथे प्रीपेडला क्रेडिट हिस्टरी लागत नाही, म्हणून नवख्याचं पहिलं सिम तेच असतं आणि मग पगार वाढला की ते सोडायचं अशी आपल्या लोकांत रीत पडली. पण या प्रीपेड कंपन्यांचे मालक कोण ते बघा. क्रिकेट एटी अँड टीची. व्हिजिबल व्हेरायझनची, ट्रॅकफोनही त्यांनी २०२१ मध्ये घेतली. मेट्रो टी-मोबाइलची, आणि आमची मिंट २०२४ मध्ये त्यांच्याच पदरात पडली. एकाच भटारखान्यातलं जेवण, एकीकडे पांढरा टेबलक्लॉथ आणि दुसरीकडे स्टीलचं ताट. मला ताटात जेवता येतं.

टेबलक्लॉथचे फायदे नाहीत असं नाही. आमच्या मिंटला अडचण आली तर जायला दुकान नसतं. चॅटवर एकच प्रश्न चार जणांना चार वेळा सांगावा लागतो. स्वस्त भावासाठी वर्षाचे पैसे आधी भरावे लागतात. १५ डॉलरचा भाव आम्हाला वर्षाचे १८० एकदम भरून मिळाला, कर वेगळा.

नंबर बदलताना बहिणीच्या जावेचा नंबर गेला, तोही तुम्ही माझ्याच खात्यात टाकलाय. तो नाही घेणार. ‘जुनी लाईन स्वतः बंद करू नका’ हे मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. आधी बंद केली की नंबर हातून सुटतो. जुन्या कंपनीकडून खातेक्रमांक आणि ट्रान्सफर पिन घ्यायचा, नंबरला लॉक असेल तर काढायचं, ते नव्या कंपनीला द्यायचं. नंबर गेला की जुनी लाईन आपोआप बंद होते, साध्या लाईनीला कामकाजाचा एक दिवस. तुम्ही १९९८ पासून इथे आहात असं लिहिलंय, तेव्हा तुम्हाला आठवत असेल: नोव्हेंबर २००३ च्या आधी कंपनी बदलली की नंबर बदलायचा, आणि मग गावभर कळवत बसायचं.

मुंबईचा विमानतळ. इथे तुमचा मुलगा बरोबर आणि मी गप्प. टी-मोबाइलच्या बऱ्याच पोस्टपेड प्लॅनांत दोनशेहून अधिक देशांत मेसेज आणि हळू का होईना डेटा चालतो; उतरल्या उतरल्या फोन जिवंत होतो. आमच्या प्लॅनमध्ये तसं नाही. वर्षातून तीनदा भारतात जाणाऱ्याला ही सोय नक्कीच मोलाची आहे. आम्ही दोन वर्षांतून एकदा जातो आणि भाऊ घ्यायला येतो.

मीही यात पोळले आहे, ते लेखात सांगायचं टाळलं होतं. प्रीपेडवर आल्यावरच्या पहिल्या खेपेला सांगलीत असताना इथल्या बँकेत पैसे हलवायचे होते. कोड येणार इथल्या नंबरवर, नंबरला तिथे रेंज नाही, आणि वायफाय कॉलिंग, म्हणजे वायफायवरून आपल्या नंबरचे कॉल-मेसेज घ्यायची सोय, मी चालूच केली नव्हती. चालू करायला गेले तर ९११ या आणीबाणीच्या नंबरसाठी घरचा पत्ता भरा म्हणे, आणि पत्त्याचं पान उघडायला पुन्हा कोड, त्याच नंबरवर. भावाच्या ओट्यावर बसून मी रडायचीच बाकी होते. वहिनीने चहा दिला आणि म्हणाली, “एवढी शिकलीस, आणि फोन तुला दाराबाहेर उभं करतो.”

तेव्हापासून निघायच्या आठवडाभर आधी घरीच चाचणी घेते. फोन विमान मोडवर टाकायचा, नुसतं वायफाय चालू करायचं, आणि दुसऱ्या फोनवरून कॉल आणि मेसेज करायचा. माझा इथे वाजला की सांगलीच्या वायफायवरही वाजतो. तुमच्या मुलालाही हे सांगा. गाडीवाल्यासाठी मात्र त्याने आधीच भारताचं ई-सिम घालून ठेवावं, नाहीतर विमानतळाच्या वायफायवर भिस्त ठेवायची वेळ येते, आणि ते लॉगिन व्हायलाही कधीकधी कोड मागतं.

राहता राहिल्या तुमच्या बहीणबाई. उन्हाळ्यात पुन्हा येणार आहेत म्हणालात. त्यांचा पुण्याचा फोन वायफायवर व्हॉट्सअ‍ॅपला राहू दे, त्यात भारताचं सिमही राहील, बँकेच्या मेसेजला. इथल्या सिमसाठी वेगळा फोन लागेल. विकत घेऊ नका. आईसाठी इथेच घेतलेला जुना मोटोरोला माझ्याकडे कपाटात आहे, सगळे बँड असलेला. या वर्षी आई येत नाहीये. एडिसनपासून मी अर्ध्या तासावर राहते, येऊन घेऊन जा. सिम महिन्या-महिन्याने भरायचं घ्या, वर्षाचं नको. रिंगटोन कोंबड्याच्या आरवण्याची आहे, ती बदललीत तर परत देताना पुन्हा लावून द्या. आईला दुसरी ऐकू येत नाही.