इजिप्तमधलं खाणं : टपरी, बुफे आणि शाकाहार (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. इजिप्तमधल्या खाण्यावरच्या माझ्या लिखाणावर तुमचे आक्षेप दोन. कोशारी (भात, मसूर, मॅकरोनीची मिसळ) आणि तामिया (कडधान्याचा तळलेला वडा) यांच्या टपऱ्या सुचवणं म्हणजे पर्यटकांच्या पोटाशी खेळ, त्यापेक्षा हॉटेलचा बुफे बरा, हा पहिला. आणि "शाकाहारी माणसाचे इजिप्तमध्ये हाल होत नाहीत" हे खोटं, कारण लक्सॉरला तुमच्या आईंच्या ताटात कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेली मुलुखिया आली, हा दुसरा.

दुसरा आधी घेऊ, तो जास्त गंभीर आहे. मुलुखिया पालेभाजी खरी, पण ती कोंबडीच्या, सशाच्या किंवा मटणाच्या रश्श्यात करायची तिकडची रीत आहे. महशीतही (भात भरलेल्या भाज्या) अनेकदा तोच रस्सा असतो. त्यात 'लाहमा' म्हटलं की तिथे लाल मांसच समजतात, कोंबडी वेगळी. म्हणून 'मिन घेर लाहमा' एवढ्यावर थांबलात तर वेटर प्रामाणिकपणे ऐकूनही हीच भाजी आणेल. 'मिन घेर लाहमा, वला फिराख, वला शोरबा' असं पूर्ण सांगा : मटण नको, कोंबडी नको, रस्साही नको. त्याहून सोपं, 'सियामी' काय आहे ते विचारा. कॉप्टिक ख्रिश्चनांचं हे उपासाचं जेवण. त्यात मांस, अंडी, दूध नसतं. काही उपासांना मासे चालतात, तेवढी खात्री करून घ्या. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची मात्र पंचाईत होते. कोशारीवर तळलेला कांदा आणि लसणाची दक्का (पातळ चटणी) हवीच.

आता बुफे. तिथला मोठा धोका म्हणजे शिजलेला पदार्थ तासन्‌तास कोमट राहणं. भात ६० अंशांखाली बराच वेळ राहिला की त्यात बॅसिलस सिरियस हा जिवाणू वाढतो, आणि त्याचं उलट्या घडवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. कैरोत अबू तारिकसारख्या गर्दीच्या दुकानात भात, मसूर, मॅकरोनी भराभर संपतात, ताजं येत राहतं. ओस पडलेल्या दुकानातली, डब्यात भरून ठेवलेली कोशारी मात्र बुफेइतकीच धोक्याची.

तामिया सकाळीच खा. सोललेला सुका बाकला, म्हणजे फावा बीन, रात्रभर भिजवून कच्चाच वाटतात, त्यात कोथिंबीर, पार्सली, शेपू घालतात. समोर तळलेला तामिया मोडून पाहा : आत हिरवागार आणि वाफाळता, बाहेर कुरकुरीत हवा. बोटं तेलाने माखली तर तेल नीट तापलं नव्हतं. पावात कोंबलेली कच्ची पानं नळाच्या पाण्यात धुतलेली असतात, तेव्हा 'मिन घेर सलाता' म्हणा. टपरीवर खरा धोका तळणापेक्षा त्या पानांचा आहे.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट : तामिया, फूल मुदम्मस आणि बिसारा तिन्ही बाकल्याचे. घरात कुणाला जी-सिक्स-पीडीची (तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एका विकराची) जन्मजात कमतरता असेल तर त्याने या तिन्हींना हातही लावू नये. बाकल्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात, लहान मुलांत ते जिवावर बेतू शकतं.