विहीर सामाईक, सल्ला मात्र एकट्याचा

आमची विहीर पुरंदरच्या पूर्व भागात आहे, पावसाच्या छायेत. आजोबा आणि त्यांच्या तीन भावांनी मिळून खणलेली. सातबाऱ्यावर ‘सामाईक विहीर’ अशी नोंद आहे आणि हिस्से आण्यांत चालतात, अख्खी विहीर म्हणजे सोळा आणे. आबांचे चार आणे, आमचे चार, मधल्या चुलत्यांच्या घराचे चार. धाकट्या घरात वाटणी झाली, त्यामुळे काकूंचे दोन आणि त्यांच्या दिराचे दोन. आठ दिवसांची फेरी: चार आणेवाल्याला दोन दिवस, दोन आणेवाल्याला एक. गेल्या चाळीस वर्षांत या पाळीवरून भांडणं झाली, दोनदा तर बोलणंही बंद झालं, पण पाळी कधी मोडली नव्हती. यंदा होळीनंतर ती मोडली.

मधल्या घरचा पुतण्या मनापासून शेती करणारा पोरगा आहे. कांदा पोसायला लागला होता. त्याने फोनवर एआयला विचारलं की पाणी कधी द्यायचं, किती द्यायचं, काढणीआधी कधी तोडायचं. उत्तर चांगलं आलं. मी स्वतः वाचलं, त्यात कृषी सहायकालाही खोट काढता आली नसती. कांदा पोसताना ताण पडू देऊ नका, दोन दिवसांत पाणी द्या, असं त्यात होतं. पुढची पाळी आबांची होती. पोराने रात्री तीन तास मोटर चालवली. सकाळी आबा विहिरीवर आले तर दोन परस (परस म्हणजे साधारण एक माणूस उंची) पाण्याचं अर्धा परस झालेलं. आबांच्या अंजिराचा मीठा बहार, म्हणजे उन्हाळ्यातलं पीक, तोडणीला आला होता.

मी शनिवारी गावी गेलो तेव्हा दोन घरं एकमेकांकडे बघत नव्हती. पोराला विचारलं, “अरे, आबांना का नाही विचारलंस?” तो म्हणाला, “नाना, काय विचारायचं त्यांना? कांद्याचं मला कळलं होतं की.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पूर्वी तो कांद्याचं विचारायला आबांकडेच गेला असता. आबांनी कांद्याचं सांगितलं असतं आणि त्याच दमात म्हणाले असते, “माझी अंजिरं तोडणीला आलीत, दोन दिवस दम काढ, नाहीतर पहाटे तासभर घे.” पिकाचा सल्ला आणि पाण्याची वाटणी एकाच बोलण्यात व्हायची. सल्ला देणाऱ्याचा त्या विहिरीत हिस्सा होता. आता सल्ला देणाऱ्याचा हिस्सा नाही, त्याचं पीक वाळत नाही, उद्या बांधावर तो भेटणार नाही. त्याने विचारणाऱ्याच्या रानापुरतं बरोबर उत्तर दिलं आणि बाकीचे चार हिस्सेदार त्या बोलण्यात आलेच नाहीत.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासकाला २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९६५ मधला त्यांचा पीएच.डी.चा प्रबंधच भूजलावर होता. लॉस एंजेलिसजवळ उपसा इतका वाढला की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत यायला लागलं. तिथल्या पंपवाल्यांनी संघटना केली, वाटाघाटी केल्या, कोर्टात गेले आणि उपसा कमी करायला तयार झाले. हे कसं जमलं, ते ऑस्ट्रॉम यांनी मांडलं. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत माणसांना एका सामाईक साठ्यातून उपसा करायला लावला. कुणी कुणाशी बोलायचं नाही असं ठेवलं की साठ्याची वाट लागायची. समोरासमोर बसून नुसतं बोलू दिलं, दंड नाही की लेखी करार नाही, तरी उपसा खूप आवरायचा. आपल्या म्हाताऱ्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. पण ज्याच्या तोंडावर ‘बरं, मी थांबतो’ म्हटलं, त्याच्या पाळीत रात्री मोटर चालू करायला हात धजावत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

आमच्याच तालुक्यात नायगाव आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या हिशेबाने नाही, माणसांच्या हिशेबाने: माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, उसाला बंदी. ऊसवाल्याला समोर बसवून ‘तुझा ऊस नको’ म्हणायचं, आणि त्याने ते ऐकायचं! तिकडे धुळे-नाशिकच्या फड पद्धतीत कित्येक पिढ्या अख्ख्या फडाने, म्हणजे एका पाटाखालच्या सगळ्या रानांनी मिळून, एकच पीक घेतलं आणि पाटकऱ्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाणी फिरवलं. हिवरे बाजार गावात पावसाचा हिशेब गावसभेत मांडून रब्बीला काय घ्यायचं ते ठरतं. या सगळ्या ठिकाणी कुणी ना कुणी आपला फायदा सोडला आहे. आणि तो सोडला, कारण दुसराही सोडतोय हे त्याने डोळ्यांनी पाहिलं.

बोअरचं तर याहून काळजीचं आहे. आपला खडक काळा पाषाण. पाणी मुरमात आणि भेगांत असतं, आणि एका शिवारात बहुतेकदा सगळ्यांचं मिळून एकच. तरी प्रत्येक जण आपापल्या घरात बसून ‘किती फूट घेऊ’ विचारतो. कायद्याने शेतीसाठी ६० मीटरच्या खाली, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या खाली जायला मनाई आहे. हे कुणी विचारत नाही, आणि मी पाहिलेल्या उत्तरांत ते आपणहून आलंही नव्हतं. दहा जणांना दहा चांगली उत्तरं मिळतात आणि मे महिन्यात दहा बोअर धूळ फेकतात.

एआय बंद करा असं मी म्हणणार नाही. त्याच शनिवारी संध्याकाळी मी पाचही घरांतल्या माणसांना विहिरीवर बोलावलं. आबा उशिरा आले, पण आले. फोन मध्ये ठेवला आणि मोठ्याने विचारलं: विहीर एक, हिस्सेदार पाच, अमुक पिकं, रात्रीतून पाणी इतकं चढतं, पाळी कशी लावू? त्याने चांगले उलटे प्रश्न विचारले. कुणाचं पीक कोणत्या अवस्थेत आहे, जनावरं किती. मग वेळापत्रक दिलं. त्यात पाचही जणांना सारखा वेळ होता. आबा लगेच म्हणाले, “आणे कुठं गेले?” काकू म्हणाल्या, “आणि या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची आहे, मी एकटी बाई रात्री दोनला मोटर चालू करायला यायची का?” पुतण्या म्हणाला, “काकू, तुमची मोटर मी चालू करीन.” हे त्याने आबांसमोर म्हटलं. त्यानंतर अर्धा तास फोनकडे कुणी पाहिलं नाही.

कृषी विभागाने २०२५ मध्ये महाविस्तार ॲप आणलं, त्यात मराठीत विचारता येतं. त्याच वर्षी सरकारने शेतीतल्या एआयसाठी ५०० कोटींचं धोरणही मंजूर केलं. माझं आग्रहाचं मागणं आहे की यात एकट्या शेतकऱ्याच्या जोडीला विहिरीचं, शिवाराचं, गावसभेचंही खातं असावं. अटल भूजल योजनेत कितीतरी गावांनी पाण्याचा ताळेबंद केला. तो त्या खात्यात असावा. कुणी पाण्याचं विचारलं की आधी ‘ही विहीर एकट्याची की सामाईक?’ असा प्रश्न यावा. बोअरचं विचारलं तर ६० मीटरचा नियम पहिल्या ओळीत यावा. यातलं काहीच अवघड नाही.

आमची नवी पाळी पुतण्याने वहीच्या कागदावर लिहून स्टार्टरच्या पेटीला आतून चिकटवली आहे. आण्यांप्रमाणेच आहे, फक्त काकूंचा दिवस लाईटच्या वेळेप्रमाणे पुढेमागे होतो. कांद्याची एक पाळी चुकली, थोडा बारीक राहील. आबांनी अंजिराची पहिली पाटी मधल्या घरी पाठवली.

तुमच्याकडे सामाईक विहीर असेल तर पाळी कशी चालते ते खाली लिहा. आण्यांची, घड्याळाची, की आता फोनची?