कोरोनात आपलं राज्य पहिलं कसं आणायचं

फॅमिली ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय ना, की कोरोनात कुठलं राज्य भारी होतं? टेन्शन घेऊ नका. नुसते एकूण आकडे टाका. महाराष्ट्र जवळपास दीड लाख मृत्यू, बिहार साधारण 12 हजार, आणि लोकसंख्या म्हणाल तर दोन्हीकडे दहा कोटींच्या वर. विषय संपला. कोणीतरी शहाणा विचारेलच की अहो पण तिकडे मेलेल्या माणसाची नोंद तरी होते का, त्याला सरळ देशद्रोही म्हणा. 2019 ला, म्हणजे कोरोनाचा पत्ताही नव्हता तेव्हा, बिहारमधल्या जेमतेम निम्म्या मृत्यूंची नोंद व्हायची, उरलेले निम्मे अमर असावेत.

फक्त कोर्टापासून लांब रहा. पाटणा हायकोर्टाने हिशोब मागितला आणि 9 जून 2021 ला बिहारचा आकडा 5,458 वरून थेट 9,429 झाला, एका दिवसात चार हजार माणसं कागदावर मेली. इतकी वर्षं कमावलेली अब्रू अशी जाते.

दुसरी ट्रिक म्हणजे मृत्यूचं कारण. आमच्या बिल्डिंगमधले काका सतरा दिवस व्हेंटिलेटरवर होते, बॉडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून परस्पर नेली, घरच्यांना तोंडही बघू दिलं नाही, आणि कागदावर काय तर 'हृदयक्रिया बंद पडून'. हृदयक्रिया चालू ठेवून मेलेला माणूस मला कोणी दाखवा बरं. पण आकडा वाचला की नाही!

यात गुजरातचा हात कोणी धरणार नाही. जानेवारी 2022 ला तिथे अधिकृत मृत्यू 10,094 आणि 50 हजारांच्या मदतीचे मंजूर अर्ज 68 हजारांच्या वर. म्हणजे जे कोरोनाने मेलेच नाहीत त्यांच्या घरच्यांना कोरोनाने मेल्याचे पैसे, आणि देणारं सरकार एकच. ह्याला म्हणतात मोठं मन.

केरळसारखं तर चुकूनही वागू नका. आधीच म्हातारी माणसं जास्त, त्यात ह्यांनी जुन्या फायली उपसून राहिलेले मृत्यू रोजच्या रोज यादीत घातले आणि स्वतःच्या हाताने महाराष्ट्राच्या खाली दुसरा नंबर पटकावला. कोणी सांगितलं होतं उपसायला?

एवढं करूनही दर जास्तच दिसला तर भागाकार बदला. पेशंटमागे वाईट दिसतो? लाख लोकसंख्येमागे काढा. तोही वाईट? मग रिकव्हरी रेट टाका, खाली तिरंगा लावा, तो कायम छानच दिसतो.

हां, काकू अजून त्या 50 हजारांच्या मागे आहेत. पॉझिटिव्ह रिपोर्ट मागतात, तो काकांच्या मोबाईलमध्ये आहे आणि पॅटर्न लॉक काय होता ते काकांनाच माहीत. तेव्हा ग्रुपवर टाकताना महाराष्ट्राचा एक कमी धरायची गरज नाही, तो धरलेलाच नाहीये.