नादेरे तर इराणातच होती, आणि हसवतही होती

‘1979 च्या क्रांतीनंतर इराणच्या पडद्यावरची बाई संपली. जुन्या नट्या देश सोडून गेल्या नाहीतर घरी बसल्या, आणि विनोद करायचा तो फक्त पुरुषांनी’ असा मजकूर अधूनमधून फिरत येतो. सोबत मिनीस्कर्टमधल्या बायकांचा जुना फोटो असतोच.

आधी खरं तेवढं मान्य करू. गायिका-नटी गुगूश वीसेक वर्षं जाहीरपणे गाऊ शकली नाही. त्या काळची नायिका फोरूझान पडद्यावर परतलीच नाही. सुरुवातीच्या वर्षांत बायकांच्या भूमिकाही आक्रसल्या होत्या.

पण ‘सगळ्या गेल्या’ हे चूक. हमीदे खैराबादी घ्या. 1924 मध्ये रश्तला जन्म, तेराव्या वर्षी लग्न. पुढे रंगभूमी, मग सिनेमा. लोक तिला नादेरे म्हणत. क्रांतीपूर्वी तिने ढिगाने चित्रपट केले, क्रांतीनंतरही थांबली नाही. 2010 मध्ये तेहरानमध्ये वारली, तेव्हा वर्तमानपत्रांना ती ‘इराणी सिनेमाची आई’ होती.

आता विनोदाचं. दिग्दर्शक दारियुश मेहरजुईंचा ‘इजारे-नशीनहा’, म्हणजे ‘भाडेकरू’, 1980 च्या दशकातला गाजलेला विनोदी चित्रपट. मोडकळीला आलेली इमारत, मालक वारलेला, वारस कुणी नाही, आणि खाटीक अब्बास आगा ती गिळायला टपलेला. नादेरे त्याची आई. पोरगा भाडेकरूंवर डाफरतो, आणि ही त्याच भाडेकरूंना आणि मजुरांना जेवायला वाढते! मुलाच्या डावावर आईच्या पातेल्याने पाणी पडतं. आणि बाईंच्या चेहऱ्यावर आपण काही केलंय असा भावच नाही. मला तरी अख्ख्या चित्रपटात सर्वांत जास्त हसू तिथे येतं.

हे तिने कशात केलं तेही बघा. क्रांतीनंतरचा नियम असा, की पडद्यावर बाईचे केस दिसायचे नाहीत, अगदी स्वतःच्या घरात पोटच्या मुलासमोरही नाही, कारण प्रेक्षक परके. नात्यात नसलेल्या नटाला हात लावायचा नाही. म्हणजे मुलाचा कान पिळायचा तर तोही बोलूनच! उरतो चेहरा, आवाज आणि हात. तिला तेवढं पुरलं. बंधनं चांगली होती असं मी म्हणत नाही, जाचकच होती.

‘आधीच्या मोकळ्या काळात विनोदी नटीला मान होता’ हा पोटदावा तर आणखी पोकळ. तेव्हाही नाच आणि प्रेम तरुण नायिकेला, आणि नादेरेच्या वाट्याला आईच.

‘नंतर कुणी आलंच नाही’ याला फार वेळ द्यायला नको. दिग्दर्शक-नट मेहरान मोदीरीच्या 2005 च्या ‘शबहाये बरारे’ या विनोदी मालिकेतली नटी बेहनूश बख्तियारी बघा. ही मालिका सरकारी टीव्हीवर लागायची. आणि नादेरेची मुलगी सोरय्या कासमी? तिने 2001 मध्ये ‘मारल’ चित्रपटासाठी इराणच्या फज्र चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा सिमुर्ग, म्हणजे तिथला पुरस्कार, घेतला. तेव्हा आई हयात होती.