मेंढ्यांच्या टेकडीचे दोन खासदार

भाची इंग्लंडमध्ये सॉल्सबरीला असते, तिच्याकडे गेलो होतो. मामा स्टोनहेंज बघायचं ना, म्हणाली. मी म्हटलं ते सगळेच बघतात, आपण ओल्ड सेरमला जाऊ. तोंडच पडलं तिचं. कारण तिथे आहे काय, तर एक टेकडी, भोवती खोल खंदक, लाकडी पुलावरून आत गेलं की चकमकीच्या दगडांच्या पडक्या भिंती आणि बाजूला गवतात आखून ठेवलेला जुन्या कॅथेड्रलचा पाया. एकेकाळचं भरलेलं गाव हे. 1220 साली बिशपने खाली मैदानात नवं कॅथेड्रल बांधायला घेतलं, लोक पण मागोमाग उतरले आणि वरचे दगडसुद्धा नेले.

गाव गेलं, पण गावाचे दोन खासदार गेले नाहीत! थेट 1832 पर्यंत ही ओसाड टेकडी पार्लमेंटात दोन माणसं पाठवत होती आणि लाखावर वस्तीच्या मँचेस्टरला स्वतःचा एकही खासदार नव्हता.

कसं जमायचं? तर मत माणसाला नव्हतं, जमिनीच्या ठराविक तुकड्यांना होतं. सातबाऱ्यावर मताचा हक्क चढवलाय समजा. मालकाने निवडणुकीपुरते ते तुकडे आपल्या माणसांच्या नावावर करायचे, त्यांनी यायचं, एका एल्मच्या झाडाखाली दोन नावं पुकारायची, झालं. गडबड अशी काहीच नाही, सगळं कायदेशीर, म्हणूनच जास्त चीड येते.

आता मालक कोण ते बघा. 1690 च्या आसपास ही जागा थॉमस पिट नावाच्या माणसाने घेतली. हा ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसताना हिंदुस्थानशी व्यापार करायचा, कंपनीने त्याच्यामागे हात धुवून लागून पण काही उपयोग झाला नाही, शेवटी 1698 मध्ये त्यालाच मद्रासचा गव्हर्नर केला. तिथे त्याने गोवळकोंड्याच्या खाणीतला एक पुढे प्रसिद्ध झालेला हिरा जामचंद नावाच्या व्यापाऱ्याकडून 48,000 पॅगोड्यांना (तिकडची तेव्हाची सोन्याची नाणी) घेतला आणि 1717 मध्ये फ्रान्सच्या रीजंटला, म्हणजे लहान राजाच्या वतीने कारभार बघणाऱ्याला, 1,35,000 पौंडांना विकला. (हिऱ्याच्या पैशातून मतदारसंघ घेतला असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका, मतदारसंघ आधी घेतला, हिरा नंतर.) तो स्वतः इथून खासदार, हिरा इंग्लंडला घेऊन गेलेला मुलगा रॉबर्ट इथून खासदार, आणि 1735 मध्ये नातू विल्यम, जो पुढे पंतप्रधान झाला, तो पण इथूनच. आणि हाच नातू नंतर भर पार्लमेंटात असल्या मतदारसंघांना राज्यघटनेचा सडका भाग म्हणाला. आजोबांच्या घरात बसून घराला शिव्या, पण बोलला हेही खरं.

1801 चा किस्सा तर कहर. जॉन हॉर्न टूक, आयुष्यभर सुधारणांसाठी भांडलेला, राजद्रोहाच्या खटल्यातून सुटलेला माणूस. त्याला सीट कोणी दिली तर पिट घराण्यातल्याच लॉर्ड कॅमलफर्डने, ह्याच टेकडीवरून! सरकारला तो नकोच होता, आणि तरुणपणी त्याने पाद्र्याची दीक्षा घेतलेली होती, म्हणून पाद्र्यांनी खासदार व्हायचं नाही असा कायदाच करून टाकला. तो कायदा रद्द व्हायला 2001 उजाडलं.

मग कॅमलफर्डने 1802 मध्ये टेकडी विकली. घेतली अर्ल ऑफ कॅलेडनने, वडिलांनी कुठे कमावलेलं? हिंदुस्थानात. म्हणजे दोन्ही मालकांच्या मागे पैसा आपल्याकडचाच.

काही जण म्हणतात चोरदरवाजा का असेना, त्यातून विल्यम पिटसारखे हुशार लोक आले ना. मला हे पटत नाही. हुशार माणूस आला तो मालकाची मर्जी होती म्हणून, आणि त्याच दारातून मालकाचे भाऊ, मेहुणे, पुतणे किती आले ते कोणी मोजत नाही. 1832 च्या कायद्याने असले 56 मतदारसंघ एका फटक्यात उडवले, तेव्हा इथले मतदार जेमतेम अकरा, त्यातला एकही इथे राहणारा नाही.

उतरताना भाचीने विचारलं, मग ते झाड कुठंय? मी खाली बोट दाखवलं. झाड नाही आता. शेत आहे, बार्ली होती बहुतेक, आणि कुंपणापलीकडे मेंढ्या.