बोली लावणाराही ग्राहकच असतो

गोव्यातल्या फोंड्याच्या मामीनं चवथीसाठी ऑनलाइन लिलावात समई घेतली. ‘शुद्ध पितळ’ म्हणून जाहिरात, विकणारा दिल्लीचा व्यापारी, सोबत जीएसटीचं बिल. मी सहज फ्रिजवरचं चुंबक लावून बघितलं, तर टपकन चिकटलं. पितळेला चुंबक चिकटत नाही. आत लोखंड, वर मुलामा. तक्रार करूया म्हटलं, तर मामीनं व्हॉट्सॲपवर आलेला फॉरवर्डच पुढे केला: ‘लिलावातल्या मालाला ग्राहक कायदा लागू नाही. जसा आहे तसा घ्यावा लागतो. खटला विक्रेत्याच्या शहरात चालतो, वकील लागतो.’ आमच्या अर्ध्या गोतावळ्यात हा फिरून झालाय.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ म्हणतो, पैसे मोजून वस्तू घेणारा तो ग्राहक, मग ती ऑनलाइन घेतलेली का असेना. पुन्हा विकायला किंवा धंद्याच्या कामासाठी घेतली असेल तरच तो ग्राहक नाही. मामी समयांचा धंदा करत नाही.

‘जसा आहे तसा’चं म्हणाल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतला सहावा नियम वाचा. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. पितळ सांगून लोखंड दिलं, आता आणखी काय हवं?

पण खरा संताप आला तो दिल्लीच्या थापेचा. ती वाचूनच मामीनं बाराशे रुपयांवर पाणी सोडलं होतं. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घेतात. मामीला दिल्ली कशाला, गोव्याबाहेरसुद्धा जायला नको. ऑनलाइन दाखल करता येते, वकिलाची सक्ती नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य. मुदत दोन वर्षांची. त्याआधी साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहायचं. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण हे त्याच्यावर बंधनकारक आहे. तिथं दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहेच.

थोडं खरं आहे, तेही सांगतो. मन बदललं म्हणून माल परत करायचा सरसकट हक्क आपल्याकडे नाही. आणि कुणी माळ्यावरची जुनी वस्तू एखाद्या वेळी विकली, तर त्या माणसाला हे ई-कॉमर्स नियम लागू नाहीत. पण बिल देणारा व्यापारी त्यात बसत नाही.

काल रात्री मामीच्या मोबाइलवरून तक्रार टाकली, चुंबक चिकटलेला फोटो जोडून. समईत तेल घालू नको, परत द्यायचीय, असं दोनदा बजावलंय.