अकरा मीटर आणि माझी पँट

वेल्डिंग शिकायला गेलो त्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "आधी बादली भरून आण." मला वाटलं, त्यांना हातपाय धुवायचे असतील.

दुसऱ्या दिवशी होल्डर, म्हणजे वेल्डिंगचा रॉड पकडायचा चिमटा, हातात आला. रॉड लोखंडावर काडेपेटीच्या काडीसारखा ओढायचा आणि किंचित उचलायचा, एवढंच काम. माझा टेकला तो टेकलाच. ओढला, हलवला, मनातल्या मनात विनवण्या केल्या. मशीन घूं घूं करतंय, रॉड लाल होत चाललाय आणि मी होल्डरला लोंबकळतोय. "अरे, होल्डर दाब आणि सोड त्याला!" मिस्त्री ओरडले. सोडला. मग लाली गेल्यावर हातमोजा काढून त्याच रॉडला हात घातला. लोखंडाची लाली साधारण पाचशे अंशांखाली दिसेनाशी होते, आणि बोट भाजायला सत्तर अंश पुरतात. मधल्या चारशे तीस अंशांत लोखंड अगदी साळसूद दिसतं.

त्या रात्री डोळ्यांत कुणी मूठभर वाळू टाकल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे काळी काच न धरता मी ठिणगीकडे 'एकदाच' बघितलं होतं. असं 'एकदाच' पाच-सहा वेळा झालं असेल.

खरी गोष्ट आगीची. ठिणगी अकरा मीटरपर्यंत जाते असं धरून तेवढ्या टापूतलं जळाऊ सामान हलवायचं किंवा झाकायचं, आणि काम संपल्यावर तासभर राखण करायची, हा मिस्त्रींचा नियम. हा तास मला शिक्षा वाटायचा. पण एकदा सुतारांच्या भुशाच्या ढिगातून, आम्ही मशीन बंद केल्यावर चाळीस मिनिटांनी, उदबत्तीएवढा धूर निघाला. वरून भुसा शांत, आत निखारा. तेव्हापासून मी राखणीला डोळे ताणून बसू लागलो.

असाच एकदा बसलो असताना वास आला. कापड जळतंय! भुसा उकरला. नाही. रंगाऱ्यांची फडकी बघितली. नाही. वायरी हुंगल्या. शिडीखाली वास, खिडकीपाशी वास, जिन्यातही वास. आग सगळीकडे पसरली अशी माझी खात्री पटली आणि मी "मिस्त्रीऽऽ" करत धावलो. वासही धावला.

पँट मोठ्या भावाची. लांब होती म्हणून खाली दुमडलेली. त्या दुमडीत ठिणगी जाऊन बसली होती आणि मी तिला अकरा मीटरभर फिरवून आणत होतो. पोटरीला चटका बसला तेव्हा कुठे उलगडा झाला.

मिस्त्री एक शब्द बोलले नाहीत. बादली उचलली आणि कमरेपासून खाली रिकामी केली. मी निथळत घड्याळाकडे बघितलं. राखणीची पाचच मिनिटं उरली होती.

"तिकडे काय बघतोस?" मिस्त्री म्हणाले. "आग आत्ता विझली. तास आत्तापासून. आणि बादली भरून आण."